पॅड थायमधली कच्ची पपई

पॅड थायच्या नूडल्स चांथाबुरीच्या. थायलंडच्या आग्नेय भागात, कंबोडियाच्या सीमेला लागून हा प्रांत आहे. जगाला तो माणकांच्या बाजारामुळे माहीत आहे, थाई लोकांना डुरियनच्या बागांमुळे. बँकॉकमधला पॅड थायवाला मात्र या प्रांताचं नाव नूडल्ससाठीच घेतो. 'सेन चान' म्हणतात त्यांना. तांदळाच्या पिठाच्या पातळ, चपट्या, वाळवलेल्या पट्ट्या. साध्या पाण्यात भिजवल्या की वाकतात, पण शिजत नाहीत. शिजतात त्या तव्यावर, चिंचेच्या रसात. रस संपेपर्यंत पितात आणि तरी तुटत नाहीत. या पदार्थाची निम्मी पुण्याई त्या चिवटपणात आहे, हे मी आधीच मान्य करून टाकते. पुढे जे लिहायचं आहे ते याच नूडल्स काढून टाकण्याबद्दल आहे.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं बँकॉकला होतो, सुखुमवितच्या एका गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी एक बाई गाडी लावायच्या. त्यांना सगळे 'पा' म्हणायचे, म्हणजे मावशी किंवा आत्या, आईवडिलांपेक्षा वयाने मोठी. मीही तेच म्हणायला लागले, आणि त्या मला 'नू' म्हणायच्या, तिथे घरातल्या पोरीबाळींना म्हणतात तसं. परातीएवढा सपाट लोखंडी तवा, दोन उलथनी, आणि सगळं सामान हाताच्या अंतरावर. एका वेळी दोन प्लेटी, फार तर तीन. समोर कितीही माणसं उभी असली तरी त्या तव्यावर जास्त माल घालत नसत. तवा थंड पडला की नूडल्स परतल्या जात नाहीत, उकडतात, हे त्यांनी मला एकदा हातवारे करून समजावलं होतं. प्लेटीच्या कडेला कच्च्या मोडांची मूठ, लसणाच्या चपट्या पातीच्या दोन काड्या, कच्च्या केळफुलाची फाक आणि लिंबू. टेबलावर चार बरण्या: साखर, मिरचीची पूड, नाम प्ला म्हणजे मासळीचं खारं पाणी, आणि मिरच्या घातलेलं व्हिनेगर. शेवटची चव खाणाऱ्याने स्वतः लावायची. तिथे स्वयंपाक करणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, आणि मला ही रीत फार आवडते.

पुण्याला परत आल्यावर मला मधुमेह निघाला. आमच्या घराण्यात तो आहेच, त्यामुळे आश्चर्य नव्हतं. 2023 साली 'लॅन्सेट'च्या मधुमेहाला वाहिलेल्या नियतकालिकात आयसीएमआरचा देशव्यापी अभ्यास आला, त्यात भारतातल्या मधुमेहींचा आकडा 10 कोटींच्या वर होता. त्या 10 कोटींतली मी एक. भात कमी केला, पोळ्या मोजायला लागले, चहातली साखर गेली. यातलं काही जड गेलं नाही. खरी हुरहुर पॅड थायची लागली.

हिशोब सरळ आहे. 100 ग्रॅम सुक्या तांदळाच्या नूडल्समध्ये साधारण 80 ग्रॅम कर्बोदकं असतात. भरल्या प्लेटीत तेवढ्या नसल्या तरी पाऊणपट सहज असतात. त्यावर रसातला ताडगूळ. आणि चिंच, जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. चिंच आंबट म्हणून आपण तिला साखरेच्या खात्यात धरतच नाही, पण तिच्या 100 ग्रॅम गरात साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि त्यातली बहुतेक साखरच. टार्टारिक आम्ल इतकं जोरकस असतं की ती गोडी जिभेला कळत नाही. रक्ताला कळते. म्हणजे नुसत्या नूडल्स बदलून काम होणार नव्हतं, रसाकडेही बघावं लागणार होतं. कमी कर्बोदकांच्या पाककृती बहुतेक इथेच गडबडतात. नूडल्स काढल्या म्हणून समाधान मानतात आणि रसात चार चमचे साखर तशीच ठेवतात.

आधी मी विचार करत बसले की हे करावं का. एखाद्या पदार्थाचा कणा काढून घेऊन त्याला जुन्याच नावाने हाक मारणं मला मुळात पटत नाही. मग पॅड थायचा इतिहास वाचला आणि मन बदललं.

हा पदार्थ प्राचीन वगैरे अजिबात नाही. परतलेल्या नूडल्स सयाममध्ये आल्या चिनी माणसांबरोबर. पूर्ण नावात अजूनही 'कुएतियाव' हा दक्षिण चीनमधून आलेला शब्द आहे. 1938 साली फिबून सोंगख्राम पंतप्रधान झाले, 1939 साली सयामचं थायलंड झालं, आणि लोकांनी काय घालावं, कसं अभिवादन करावं, कशाला आपलं म्हणावं याचे हुकूम निघू लागले. पुढे महायुद्ध आलं, 1942 साली बँकॉकमध्ये मोठा पूर आला. त्या दिवसांत सरकारने नूडल्सचा जोरदार प्रचार केला. लोकांनी नूडल्स खाव्यात, थाई लोकांनी स्वतः गाड्या लावून त्या विकाव्यात, असा आग्रह धरला. कारणं अनेक होती. नूडल्सच्या धंद्यावरची चिनी पकड सैल करायची होती, लोकांच्या ताटात भाताबरोबर अंडं, मोड, भाजी यायला हवी होती. आणि एक कारण सगळीकडे सांगितलं जातं ते तांदळाचं. नूडल्स तुकड्या तांदळाच्याही होतात, आणि वाटीभर नूडल्समध्ये भात खाण्यापेक्षा तांदूळ कमी लागतो. चिनी परतणं, थाई चिंच आणि ताडगूळ यांच्या जोडीतून जे पुढे आलं त्याला देशाचं नाव मिळालं.

म्हणजे तांदळाची काटकसर या पदार्थाच्या जन्मकथेतच आहे. तेव्हा तांदूळ देशासाठी वाचवायचा होता, आता मी माझ्या रक्तासाठी वाचवते. आणि मूळ शुद्ध रूप म्हणून काही जपायचं तर ते कुठलं जपायचं? नूडल्स चीनच्या. शेंगदाणा आणि मिरची दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या. चिंच फार पूर्वी आफ्रिकेतून निघाली. थायलंडचं यात काय, तर हात आणि जीभ. ते काही लहानसहान नाही. पण ज्या जिभेने इतक्या दूरच्या वस्तूंना एका तव्यावर नांदायला शिकवलं, ती एक वस्तू कमी झाली म्हणून रुसणार नाही.

याचा अर्थ काहीही चालेल असा नाही. टोमॅटो केचप घालून लाल केलेलं पॅड थाय आपल्याकडच्या कितीतरी हॉटेलांत मिळतं. ते मला मान्य नाही. केचपमध्ये साखर आहे आणि चिंच नाही, म्हणजे माझ्या दोन्ही हिशोबांनी ते चूक.

नूडल्सच्या जागी काय, यावर हल्ली दोन उत्तरं तयार असतात. एक झुकिनी. तिचे लांब दोरे काढायचं यंत्रही मिळतं. दोरे दिसतात सुंदर, पण तव्यावर पडले की पाणी सोडतात आणि रस पातळ होऊन तळाशी जातो. दुसरं उत्तर कोंजॅक. जपानी शिराताकी नूडल्स याच्याच. ही वनस्पती आपल्या सुरणाच्या सख्ख्या गोतातली. पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या बाजारात येणारं शेवळं हेही त्याच गोताचं. कोंजॅकच्या कंदात ग्लुकोमॅनन नावाचा तंतू असतो, तो प्रचंड पाणी धरतो आणि रक्तातली साखर जवळजवळ वाढवत नाही. आकड्यांत याच्याइतकं चांगलं काहीच नाही. पाकीट फोडल्यावर येणारा वास खळखळून धुतला आणि कोरड्या तव्यावर परतला की बराचसा जातो. पण कोंजॅक रस पीत नाही. चिंच बाहेर राहते, नूडल आत कोरी राहते, आणि दातांना रबरासारखा प्रतिकार. ज्यांना चालतं त्यांनी जरूर खावं. मला ते पथ्य वाटलं, आणि पॅड थाय पथ्यासारखं खायचं असेल तर न खाल्लेलं बरं.

माझं उत्तर थायलंडमध्येच होतं. तिथे नूडल्सशिवायचं पॅड थाय मिळतं, 'फत थाय राय सेन' म्हणतात, आणि त्यात कधी नुसते मोड असतात तर कधी कच्च्या पपईचे दोरे. मुगाच्या पारदर्शक नूडल्सचंही पॅड थाय मिळतं. नावात मूग आहे म्हणून मधुमेही लोक त्याच्याकडे वळतात, पण त्या नूडल्स मुगाच्या निव्वळ पिष्टाच्या असतात, मुगातलं प्रथिन त्यात उरत नाही. त्यांच्या नादी लागू नये. पपई मात्र खरोखर कामाची. नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असूनही ती झुकिनीसारखी ढेपाळत नाही, कारण तिचा गर घट्ट असतो. स्वतःची चव जवळजवळ नाही, त्यामुळे चिंचेच्या आणि नाम प्लाच्या वाटेत येत नाही. मुंबईच्या फरसाणवाल्याकडे फाफड्याबरोबर जो संभारा मिळतो तो हिचाच, आणि केकमधली टुटीफ्रुटीही हिचीच, म्हणजे आपल्याला ती अनोळखी नाही.

पपईचे दोरे काढायची थाई पद्धत बघण्यासारखी असते. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, विकणाऱ्या बायका सहसा किसणी वापरत नाहीत. सोललेली पपई डाव्या तळहातावर आडवी धरायची आणि उजव्या हातातल्या जड सुरीने तिच्या अंगावर लांबीच्या दिशेने भराभर घाव घालायचे, जवळ जवळ, कमीजास्त खोल. मग सुरी सपाट धरून वरचा थर तासायचा. दोरे सुटून भांड्यात पडतात. पपई थोडी फिरवायची, पुन्हा घाव, पुन्हा तासणं. यात एकही दोरा दुसऱ्यासारखा होत नाही. काही केसासारखे बारीक, काही काडीएवढे जाड. तव्यावर हेच उपयोगी पडतं: बारीक दोरे लगेच मऊ होऊन रसात मिसळतात, जाड दोरे दाताखाली करकरीत राहतात. किसणीचा एकसारखा कीस एकदमच मऊ पडतो आणि त्याची भाजी होते. ज्यांना सुरीची भीती वाटते त्यांनी सोलाण्याने लांब पट्ट्या काढून त्या उभ्या चिराव्यात, तेही चांगलं होतं. चिकाने हात चुरचुरतात, म्हणून पपई सोलल्यावर पाण्याखाली धरावी. दोऱ्यांना मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचे आणि पंच्यात घालून घट्ट पिळायचे. पिळण्यात हयगय केली तर तव्यात पाणी सुटतं.

मोड घरीच करावेत. आपले उसळीचे मोड आखूड असतात, त्यांनी इथे भागत नाही. भिजवलेले मूग चाळणीत पसरून ओल्या फडक्याने झाकायचे, वर वजन ठेवायचं, चाळणी अंधाऱ्या कपाटात, आणि दर चार-पाच तासांनी वरून भरपूर पाणी. तीन-चार दिवसांत बोटभर लांब, पांढरे, टपोरे मोड येतात. वजनाखाली दबलेला मोड इथिलीन सोडतो, तोच वायू जो आंबे पिकवतो, आणि त्यामुळे देठ जाड होतो. उजेड लागला तर हिरवे आणि कडवट होतात. 100 ग्रॅम मोडांत कर्बोदकं जेमतेम सहा ग्रॅम. माझ्या प्लेटीत ते मूठभर नसतात, चांगले ओंजळभर असतात, आणि निम्मे कच्चेच.

आता रस. आमटीत चिंच आणि गूळ एकमेकांना ज्या नात्याने धरून असतात त्याच नात्याने इथे चिंच आणि ताडगूळ असतात. मराठी जिभेला पॅड थाय पहिल्या घासाला आपलं वाटतं ते यामुळेच. म्हणून गोडी पूर्ण काढता येत नाही. गोड गेलं की आंबट एकटं पडतं आणि मासळीचा खारा वास उघडा पडतो. स्टेव्हिया घातला तर शेवटी कडवट छटा राहते, एरिथ्रिटॉल जिभेवर गार लागतो, आणि तव्यावर ताडगूळ करपण्याच्या बेतात येतो तेव्हाचा वास दोन्हींत नाही. मी ताडगूळ ठेवते, पण माणशी एक चमचा, सपाट. चिंचेचा दाट कोळ दीड चमचा. उरलेला आंबटपणा लिंबातून, तो ताटात. गोडीची उणीव लहान कांदे भरून काढतात. हे गावठी छोटे कांदे बारीक चिरून मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतले की स्वतःची साखर बाहेर सोडतात, आणि दोन कांद्यांतली ती साखर ताडगुळाच्या तीन चमच्यांपेक्षा कितीतरी कमी भरते. चिंच, ताडगूळ, नाम प्ला हा रस वेगळ्या पातेलीत आधीच आटवून चमच्याला चिकटेल इतका दाट करायचा. नूडल्स असत्या तर त्यांच्या पिष्टाने रस धरला असता. पपईत ते नाही, म्हणून दाटपणा आधीच आणायला हवा.

तव्यावरचा क्रम मी पांकडून शिकले तोच. तेल चांगलं तापल्यावर कांदे, मग घट्ट टोफूचे लहान तुकडे, मग वाळवलेली कोळंबी. तिथे ती बारीक गुलाबी मिळते. इथे मी कोकणातले सोडे भिजवून चिरून घालते, आणि मला सोडे जास्त आवडतात, त्यांना वास खोल असतो. खारवलेला मुळा मिळाला तर तोही, पण गोड प्रकारातला नको. ताजी कोळंबी घालून ती वाकली की बाजूला काढायची. मग आच पूर्ण मोठी करून पपई, आणि लगेच दोन उलथन्यांनी वरखाली. मिनिटभराने रस. रस दोऱ्यांना लागला की सगळं एका कडेला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडायचं. अंडं अर्धवट जमलं की पपई त्याच्यावर ओढायची. नूडल्स नसलेल्या पॅड थायमध्ये अंड्याचं काम दुप्पट असतं: ते दोऱ्यांना लपेटतं आणि रस निसटू देत नाही. माणशी दोन अंडी घालायला मी कचरत नाही. बँकॉकच्या महाचाय रस्त्यावर 1966 पासून चालणारं 'थिप समाय' अंड्याच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेल्या पॅड थायसाठी प्रसिद्ध आहे. तिथे खाल्ल्यापासून मला अंड्याचं महत्त्व पटलं. शेवटी बाजूला काढलेली कोळंबी, लसणाची पात, निम्मे मोड, गॅस बंद. वरून भाजून जाडसर कुटलेले दाणे. थंडीत ओल्या लसणाची पात मिळते, एरवी कांद्याची पात.

मुलीला पहिल्यांदा वाढलं तेव्हा तिने काटा फिरवून बघितलं आणि म्हणाली, "आई, हे पॅड थाय नाही, पण पुन्हा कर." मला तिचं पहिलं म्हणणं मान्य नाही. तांदळाच्या नूडलचा चिवटपणा यात नाही, तो येणारही नाही. पण डोळे मिटून घास घेतला तर चिंच, ताडगूळ, खारी मासळी, भाजका दाणा, करकरीत मोड आणि लिंबू त्याच क्रमाने येतात. दोन तासांनी मीटर लावला तर आकडा 180 च्या बराच खाली असतो. नूडल्सच्या प्लेटीनंतर तो कुठे जातो ते मी बघितलं आहे.

दोन गोष्टींची काळजी घ्यायला हवी. नाम प्ला आणि खारवलेला मुळा मिळून मीठ बरंच होतं, रक्तदाब असणाऱ्यांनी हात आखडावा. आणि इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवणातली कर्बोदकं एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण गोळीचा डोस नेहमीच्या जेवणाच्या मानाने ठरलेला असतो. गरोदर बायकांनी कच्ची पपई टाळावी, त्यांच्यासाठी नुसत्या मोडांचं करा, तेही उत्तम लागतं. मोड मात्र सगळेच नीट परतून घाला.

करून बघणार असाल तर पपई बघून घ्या. साल एकसारखी गडद हिरवी, कुठेही पिवळी छटा नको, दाबून दबता कामा नये, आणि हातात आकाराच्या मानाने जड लागायला हवी. चिरल्यावर गर पांढरट आणि बियाही पांढऱ्या दिसल्या म्हणजे काम झालं. बिया काळ्या पडल्या असतील तर त्या पपईचे दोरे तव्यावर टिकणार नाहीत. ती बाजूला ठेवा आणि दुसरी आणा.